घरविक्रीतील लपलेला दोष आणि गावाचे कर्तव्य

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व ग्रामपातळीवरील अधिकारी यांच्यापुढे करावयाच्या भाषणाचा मजकूर)



वैनगंगेच्या काठावरील गोसीखुर्द हे नाव आज महाराष्ट्रभर धरणामुळे परिचित आहे. भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातील या धरणाची कोनशिला २२ एप्रिल १९८८ रोजी त्या वेळचे पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते बसविण्यात आली. २००९ मध्ये या प्रकल्पास राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. भंडारा, नागपूर व चंद्रपूर या जिल्ह्यांतील सुमारे २,५०,८०० हेक्टर जमीन भिजविणे हे त्याचे उद्दिष्ट. पण ज्या पाण्याने शेते भिजावयाची, त्याच पाण्यासाठी अनेक गावांना आपली पिढ्यान्‌पिढ्यांची घरे सोडावी लागली. २०१३ मध्ये शासनाने या प्रकल्पग्रस्तांसाठी सुमारे १,२०० कोटी रुपयांचे विशेष पॅकेज मंजूर केले.

विस्थापित कुटुंबापुढे मार्ग दोनच असतात. नव्या गावठाणातील भूखंडावर घर बांधावे, किंवा दुसरीकडे तयार घर विकत घ्यावे. दोन्हींसाठी लागणारा मोबदल्याचा पैसा आयुष्यात एकदाच हाती येतो. त्यातून घेतलेले घर सदोष निघाले, तर दुसरे घर घेण्याची ऐपत उरत नाही. यास्तव घर विकणारा व घेणारा यांच्यातील तंटा हा केवळ दोन कुटुंबांचा खाजगी प्रश्न मानून चालणार नाही.

असे तंटे बहुधा एकाच तऱ्हेने उद्भवतात. उन्हाळ्यात घर पाहिले जाते. भिंतींना नवा चुना किंवा रंग दिलेला असतो. खरेदीखत होते आणि कुटुंब राहावयास येते. मृगाचा पाऊस पडतो, आणि भिंतीच्या खालच्या भागावर ओल चढू लागते. दाराची चौकट उधईने पोखरलेली आढळते. कवेलूखालचा वासा कुजलेला निघतो. घर कन्हार जमिनीवर उभे असेल, तर आणखी एक दोष दिसतो. ही काळी चिकण माती पावसात फुगते व उन्हाळ्यात आकसते. पाया उथळ असला की दरवर्षीच्या या हालचालीने भिंतींना तिरप्या भेगा पडतात. विकणाऱ्याने त्या भेगा बुजवून वर रंग दिलेला असतो, आणि वर्षभरात त्या पुन्हा उघडतात. मग घेणारा म्हणतो, “तुम्हाला हे ठाऊक होते.” विकणारा म्हणतो, “तुम्ही पाहून घेतले होते.”

या वादात कायदा काय सांगतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम ५५ याबाबत स्पष्ट आहे. मालमत्तेतील किंवा तिच्या मालकी हक्कातील जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्यास माहीत आहे, घेणाऱ्यास माहीत नाही, आणि सामान्य दक्षता घेऊनही घेणाऱ्यास आढळणार नाही, तो उघड करणे हे विकणाऱ्याचे कर्तव्य होय. असा दोष न सांगणे ही कायद्याच्या दृष्टीने लबाडी ठरते. म्हणजे खोटे बोलणे तर दोषास्पद आहेच, पण अशा प्रसंगी गप्प राहणेही दोषास्पद आहे.

इंग्लंडमध्ये घराच्या बांधणीतील दोषांबाबत ‘घेणाऱ्याने आपले पाहून घ्यावे’ हा जुना नियम दीर्घकाळ प्रबळ राहिला. फ्रान्सच्या १८०४ च्या नागरी संहितेने मात्र लपलेल्या दोषाची हमी विकणाऱ्यावर टाकली. आपल्याकडील कायदा इंग्रजी अमदानीत झाला असला, तरी या बाबतीत तो इंग्लंडच्या जुन्या नियमाच्या पुढे गेला, ही लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे.

तथापि या कलमास दोन मर्यादा आहेत. पहिली अशी की, हे कर्तव्य उभय पक्षांत वेगळा करार नसेल तेव्हा लागू होते. खरेदीखतात ‘घर जसे आहे तसे पाहून घेतले’ असे वाक्य असेल, तर त्याचा अर्थ समजून घेतल्यावाचून सही करू नये. अशा वाक्याने जाणूनबुजून केलेली फसवणूक क्षम्य होत नाही, पण घेणाऱ्याची बाजू अवघड होते. दुसरी मर्यादा सामान्य दक्षतेची. डोळ्यांनी दिसणारा दोष न पाहिल्याचे खापर विकणाऱ्यावर फोडता येत नाही. १८७२ च्या करार अधिनियमातील कलम १९ चाही आशय असाच आहे. गप्प राहून केलेल्या फसवणुकीतदेखील, साध्या चौकशीने सत्य कळण्यासारखे असेल, तर करार रद्द करून मिळत नाही.

सामान्य दक्षता म्हणजे काय, हे वैनगंगेच्या काठी अधिक बारकाईने पाहावे लागते. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशात अतिवृष्टी झाली, संजय सरोवरातून पाणी सोडण्यात आले, आणि गोसीखुर्दचे ३३ ही दरवाजे उघडावे लागले. भंडारा शहरासह चार जिल्ह्यांतील नदीकाठच्या अनेक वस्त्यांत पाणी शिरले. त्या पुराची खूण भिंतीवर राहते, पण चुन्याचा एक हात दिला की ती दिसेनाशी होते. अशा घराचा विकणारा पुराविषयी बोलला नाही, तर तो महत्त्वाचा दोष लपविणे ठरेल काय? प्रत्येक प्रकरणाचा निर्णय न्यायालय पुराव्यावरून करील. पण ज्या गोष्टीमुळे घराचा निवासासाठीचा उपयोग आणि किंमत दोन्ही घटतात, ती महत्त्वाची नव्हे असे म्हणणे कठीण आहे.

येथे एक पेच उद्भवतो. पाणी कोठपर्यंत आले होते हे साऱ्या गावास ठाऊक असते. ठाऊक नसते ते फक्त बाहेरून आलेल्या कुटुंबास, आणि प्रकल्पाने उठविलेले कुटुंब नव्या गावात बहुधा बाहेरचेच असते. विकणारा म्हणेल, शेजाऱ्यास विचारले असते तरी कळले असते. घेणारा म्हणेल, कोणास विचारावे हेच ठाऊक नव्हते. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. म्हणूनच येथे गावाचे कर्तव्य सुरू होते. गावाला जे ठाऊक आहे ते नवख्याला सहज कळेल अशा जागी ठेवले, तर प्रामाणिक विकणारा आरोपातून वाचेल आणि घेणारा नुकसानीतून.

याची साधने गावातच आहेत. पूर ओसरल्यावर घरांच्या पडझडीचे पंचनामे होतात. कोणत्या वस्तीत पाणी शिरले याची माहिती त्यामुळे शासकीय दप्तरी असते. ती माहितीच्या अधिकारातही मागता येते. ग्रामपंचायतीने पुराची सर्वोच्च पातळी शाळेच्या अथवा पंचायतीच्या भिंतीवर ठळक रेघेने व सालासह रंगवावी. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून वस्तीचा नकाशा काढवून त्यावर ती रेघ दाखवावी. खर्च नगण्य, पण उपयोग मोठा.

कागदपत्रांतील दोष भिंतीतील दोषाइतकाच घातक असतो. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा होय. तो मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे, हे ग्रामस्थांना वारंवार सांगितले पाहिजे. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ अशी नोंद असेल, तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून व्यवहार करू नये. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानुसार प्राथमिक अधिसूचना निघालेल्या जमिनीच्या व्यवहारांवरही निर्बंध असतो. शंभर रुपये वा अधिक किमतीच्या घराची विक्री नोंदणीकृत खतानेच होते. केवळ स्टॅम्प पेपरवर लिहून घेतल्याने मालकी मिळत नाही.

घर घेणाऱ्याने शक्य तर पावसाळ्यात घर पाहावे. फक्त खालच्या हातभर भागालाच नवे प्लास्टर का, हे विचारावे. लाकडाला टोचून पाहावे. अनुभवी गवंड्यास सोबत न्यावे. दोन शेजाऱ्यांकडे चौकशी करावी. विकणाऱ्याला प्रश्न लेखी विचारावेत आणि उत्तरेही लेखी घ्यावीत. विकणाऱ्यानेही ज्ञात दोषांची यादी स्वतः लिहून द्यावी. किंमत थोडी कमी येईल, पण पुढील दावा टळेल.

दोष आढळलाच तर वेळ दवडू नये. दुरुस्तीपूर्वी छायाचित्रे काढावीत, जाणकाराचा लेखी अभिप्राय घ्यावा आणि विकणाऱ्यास लेखी नोटीस द्यावी. फसवणुकीच्या दाव्याची मुदत १९६३ च्या मुदत अधिनियमानुसार फसवणूक कळल्यापासून, किंवा वाजवी दक्षतेने कळू शकली असती तेव्हापासून, मोजली जाते. घर प्रवर्तकाकडून घेतले असेल आणि त्या प्रकल्पास २०१६ चा स्थावर संपदा अधिनियम लागू असेल, तर ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत दाखविलेला बांधकामातील दोष त्याने ३० दिवसांत विनामूल्य दूर करावयाचा असतो. एका कुटुंबाने दुसऱ्यास विकलेल्या जुन्या घरास मात्र हे संरक्षण नाही. तेथे कलम ५५ आणि दिवाणी न्यायालय हाच आधार.

तरीही प्रत्येक वाद न्यायालयात नेण्याचे कारण नाही. १५ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेने सामोपचाराची वाट दाखविली. लोक अदालतीत झालेल्या तडजोडीस दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती व पूरग्रस्त यांना विधि सेवा प्राधिकरणाकडून मोफत कायदेविषयक साहाय्य मिळू शकते. ही माहिती गरजू कुटुंबापर्यंत पोहोचविणे हे ग्रामपंचायत अधिकारी व सदस्यांचे काम आहे.

धरणासाठी ज्यांनी एकदा घर सोडले, त्यांना दुसरे घर फसवणुकीने गमवावे लागू नये. येत्या ग्रामसभेत पूररेषा रंगविण्याचा ठराव घेतला, आणि घराची विक्री करू इच्छिणाऱ्याने ज्ञात दोष लेखी देण्याची प्रथा गावाने स्वीकारली, तर असे पुष्कळ तंटे उद्भवण्यापूर्वीच मिटतील.