पाहुणा आणि जवळ्याची बरणी



आषाढातील मुसळधार पावसात, मासेमारी बंद असता, अकस्मात पाहुणा दारी उभा राहिला म्हणजे गृहिणीचा जीव कासावीस होतो. अशा वेळी आम्हां कोकणवासीयांस तारते ती फडताळातील सुक्या जवळ्याची बरणी.

जवळ्याची किसमूर करणे अगदी सोपे आहे. वाटीभर जवळा निवडून व चाळून मंद आचेवर कुरकुरीत भाजावा. बारीक चिरलेला एक कांदा, अर्धी वाटी ओले खोबरे, चमचाभर तिखट, थोडा चिंचेचा कोळ व बेताचे मीठ हाताने कालवावे. जवळा मात्र वाढतेवेळीच मिसळावा, अन्यथा तो मऊ पडतो. अर्ध्या घटकेत सिद्ध होणारी ही किसमूर भाजलेल्या पापडाबरोबर पुढे ठेवावी. कोळंबी-जवळा कित्येकांच्या प्रकृतीस बाधतो. म्हणून आधी विचारून घेणे इष्ट.

एकदा एक प्रतिष्ठित स्नेही घरी आले असता, सुक्या मासळीच्या वासाची लाज वाटून आम्ही ती बरणी लपविली आणि उधारीने मिठाई आणविली. त्यांनी ती जेमतेम चाखली व हळूच विचारले, "मास्तर, घरात जवळा नाही का?" जन्मभर इतरांस शिकविणारे आम्ही त्या दिवशी स्वतः एक धडा शिकलो.

घरात जे आहे ते मोकळ्या मनाने पुढे करणे, हेच खरे आतिथ्य. तरुण कुटुंबांनी बरणी भरलेली ठेवावी आणि ती लपवू नये, एवढीच आमची विनंती.