रुग्णनोंद : सेवेचे लिखित अंग



आपल्या समाजाने गावोगावी दवाखाने व रुग्णालये उभारली. इमारत आणि यंत्रसामग्री यांसाठी दातेही लाभले. केसपेपरकडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते. रुग्णाला पेनिसिलिनची ॲलर्जी असल्याचे सकाळच्या डॉक्टरांनी ऐकले, परंतु लिहिले नाही, तर रात्रपाळीच्या डॉक्टरांना ते कळावे कसे? प्रमादाने होणारी प्राणहानी ही हिंसाच होय, अशी तत्त्वार्थसूत्राची शिकवण आहे.

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार आंतररुग्णाच्या नोंदी उपचारारंभापासून ३ वर्षे जपाव्या लागतात व मागणी झाल्यास ७२ तासांत द्याव्या लागतात. २०१६ च्या दुरुस्तीने औषधांची नावे सुवाच्य लिहिण्यास सांगितले. तथापि केवळ परिपत्रके काढून डॉक्टर लिहिते होत नाहीत. बाहेर रुग्णांची रांग असता त्यांना उसंत कोठून मिळणार? यास्तव विश्वस्तांनी त्यांना लेखनास सहायक द्यावा, छापील नमुना त्यांच्याच विचाराने ठरवावा आणि दरमहा काही केसपेपर डॉक्टरांनीच एकत्र बसून, कोणासही दोष न देता, तपासावेत.

व्यापारात रोजमेळ त्याच दिवशी लिहितात. तेथील चूक रकमेची असते. येथे प्राण पणाला लागतो. या सुवर्णमहोत्सवी वर्षात एखाद्या दात्याने यंत्राऐवजी अशा सहायकाच्या वेतनाचा भार उचलावा, ही नम्र विनंती.

जय जिनेंद्र!