घोट नीट उतरतो का?

पक्षाघाताचा झटका आला की घरचे लोक आधी हातपाय हलतात का ते बघतात. घोट नीट उतरतो का, हे पाहायचं राहून जातं. पाणी किंवा अन्न श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होऊ शकतो, आणि तो जिवावर बेतू शकतो.

ऑस्ट्रियात तयार झालेली, २००७ साली प्रसिद्ध झालेली ‘गस’ ही गिळण्याची चाचणी २० गुणांची. रुग्ण आधी स्वतःची लाळ गिळतो, मग घट्टसर पदार्थ, मग पाणी, शेवटी कोरडा पाव. ‘ईट-१०’ ही गिळण्याच्या त्रासाबद्दलची अमेरिकेतली प्रश्नावली २००८ ची. प्रश्न १०, प्रत्येकाला ० ते ४ गुण. बेरीज ३ किंवा जास्त झाली की तपासणी हवीच. ती तुर्की भाषेत आली, कन्नडमध्येही आली. असं रूपांतर करताना भाषांतर पुन्हा मूळ भाषेत उलटवून पाहतात, आणि त्याच रुग्णांना काही दिवसांनी परत विचारून उत्तरं जुळवतात.

भाषा अशी जुळवता येते, पण बेंगळुरूच्या ताटात नाचणीची मुद्दे, म्हणजे शिजवलेल्या पिठाचा गोळा, असतो. गोळा तोडायचा, सारात बुडवायचा आणि न चावता गिळायचा! रोज असं जेवणाऱ्या आजोबांना ‘गस’मधला कोरडा पाव देऊन काय कळणार? माझ्या मते चाचणीत रोजचं जेवणच हवं.

बेंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू व मानसिक आरोग्याच्या संस्थेत गिळण्याची तपासणी करणारे वाचा-उपचारतज्ज्ञ आहेत. घरी मात्र एवढं पाहा: पाणी पिताना ठसका लागला किंवा नंतर आवाज ओलसर, घरघरता झाला, तर तोंडाने काहीही देणं थांबवा आणि लगेच डॉक्टरांना कळवा.