घरच्या कार्यशाळेंतील करवत

कोल्हापुरास लोखंड परकें नाहीं. शिवाजी उद्यमनगरांतील गल्ल्यांतून जाणाऱ्याच्या कानीं लेथचा आवाज पडतोच. आणि याच शहरांत बाबूराव पेंटर यांनीं विष्णुपंत दामले यांच्या साहाय्यानें चित्रपटाचा कॅमेरा स्वतः घडवून 1920 सालीं 'सैरंध्री' पडद्यावर आणला, ही हकीकत सर्वश्रुत आहे. तेव्हां येथील एखाद्या गृहस्थानें मागल्या सोप्यांत बाक मांडून, त्यावर व्हाइस बसवून, सुट्टीच्या दिवशीं कुंड्यांची मांडणी किंवा खिडकीची जाळी स्वतः करावयाचें मनांत आणलें, तर त्यांत नवल नाहीं. अडचण उभी राहते ती पहिल्याच पायरीला. लोखंड कापावयाचें कशानें?

दुकानदार बहुधा ग्राइंडर पुढें करतो. चार इंची चकतीचें हें यंत्र स्वस्त व हलकें असतें आणि मिनिटाला सुमारें 11,000 फेरे घेतें. परंतु त्याची चकती ही करवत नव्हे. तिला दांत नसतात. राळेनें सांधलेल्या कठीण कणांनीं ती धातु घासून काढते. त्यामुळें ठिणग्यांचा फवारा उडतो, कापाची कड तापून निळी पडते आणि मागें बर राहतो तो कानशीनें काढावा लागतो. सोप्याच्या त्याच कोपऱ्यांत रंगाचे डबे व लांकडाचा भुसा असेल, तर भुशांत पडलेली ठिणगी धुमसत राहून काम आटोपल्यावरही पेट घेऊं शकते.

चौदा इंची चकतीचा चॉप-सॉ हा याचाच थोरला भाऊ. सरळ काप घेण्यास तो चांगला. पण 2,300 वॅटचें यंत्र 230 व्होल्टवर 10 अँपिअर प्रवाह ओढतें, आणि घरांतील साधा सॉकेट 6 अँपिअरचा असतो. त्यास 16 अँपिअरचा सॉकेट व भरंवशाचें अर्थिंग हवें. शिवाय सामाईक भिंतीपलीकडील मंडळींच्या दुपारच्या झोपेचा विचार करावा लागतो तो निराळाच. कार्बाइडच्या दांतांची चकती मंद फिरणाऱ्या यंत्रावर, मिनिटाला सुमारें 1,300 फेऱ्यांवर, स्वच्छ व थंड काप देते. तीच चकती वेगवान चॉप-सॉवर चढविणें म्हणजे अपघातास निमंत्रण होय.

घराच्या दृष्टीनें खरा सोयीचा तो हातांत धरावयाचा बँड-सॉ. त्याचा दांतेरी पट्टा संथ चालतो, ठिणग्या जवळजवळ उडत नाहींत, आवाजही बेताचा. किंमत मात्र ग्राइंडरच्या कित्येक पट पडते. ज्याच्या हातून महिन्याकाठीं दहा-वीस कापच व्हावयाचे, त्यानें साधा हॅकसॉ घेणेंच शहाणपणाचें. आणि ज्याला पुढें यंत्र घ्यावयाचें आहे, त्यानेंही आरंभ येथूनच करावा.

हॅकसॉचें पातें निवडतांना एक हिशेब पाळावा. कापावयाच्या जाडीवर एका वेळीं निदान तीन दांत टेकले पाहिजेत. इंचास 32 दांतांच्या पात्यांत दोन दांतांमधील अंतर सुमारें 0.8 मिलिमीटर असतें. तीन मिलिमीटर जाडीच्या अँगलला तें पुरतें. त्याच अँगलवर 18 दांतांचें पातें चालविलें तर जेमतेम दोन दांत टेकतात, एखादा अडकतो आणि तुटतो. गृहस्थ दोष पात्याला देतो. उलट जाड सळईवर बारीक दांत कीस भरून बुजतात; तेथें 14 किंवा 18 दांतांचें पातें घ्यावें. दांत पुढच्या दिशेस ठेवावे, पुढें जातांना भार द्यावा, मागें येतांना हात हलका सोडावा. मिनिटाला चाळीस-पन्नास हेलपाटे पुरेत.

तरीही ग्राइंडरच घ्यावयाचा ठरल्यास डोळ्यांवर बंद चष्मा हवा आणि यंत्राचें संरक्षक कवच कधींही काढूं नये. चकतीवर छापलेली फेऱ्यांची मर्यादा यंत्राच्या वेगाहून कमी नसावी. तिच्या मधल्या धातूच्या कड्यावरील मुदतही वाचावी. येथल्या पावसाळी दमटपणांत पडून राहिलेली चकती फुटूं शकते. लांकूड कापण्याची दांतेरी चकती त्यावर चढविण्याची कित्येकांना खोड असते. ती अडकली म्हणजे यंत्र हातांतून उसळतें, आणि मग कापलें जातें तें लांकूड नव्हे.

खरेदीस जातांना आपल्या कामाचाच एखादा तुकडा पिशवींत घालून न्यावा व तो दुकानांतच कापून पाहावा. दुकानदार कुरकुरला, तरी उद्यमनगरांत दुसरें दुकान फार लांब नसतें.