लौकिक आणि पत

खानदेशच्या बाजारपेठेंत दोन शब्द फार जुने आहेत : लौकिक आणि पत. जळगांवच्या कापसाच्या पेढीवर काय किंवा धुळ्याच्या धान्यबाजारांत काय, लौकिक म्हणजे एखाद्याविषयीं चारचौघे जें बोलतात तें. आणि पत म्हणजे त्याच्या अडचणीच्या दिवशीं तेच चारचौघे जें देतात तें. लौकिक गाजावाजानें वाढतो. एखाद्या लग्नांत सढळ हातानें खर्च केला तरी तो वाढतो. पत मात्र मुदतीवर देणें फेडल्याखेरीज वाढत नाहीं.

ज्यास हल्लीं जनसंपर्क म्हणतात आणि ज्यासाठीं सरकारें, कारखाने व संस्था स्वतंत्र खातीं चालवितात, त्या विद्येंत या दोहोंची गल्लत फार होते. अमेरिकेंत एडवर्ड बर्नेज यानें १९२३ सालीं लोकमत घडविण्याच्या कलेवर ग्रंथ लिहिला. आणि १९२९ सालीं न्यूयॉर्क शहरांत ईस्टरच्या मिरवणुकींत तरुण स्त्रियांना भर रस्त्यांत सिगारेटी ओढावयास लावून एका तंबाखूच्या कंपनीचें काम साधून दिलें. त्या सिगारेटींना 'स्वातंत्र्याच्या मशाली' असें भारदस्त नांव देण्यांत आलें होतें. माल तंबाखूचा, नांव स्वातंत्र्याचें!

पुढें १९३६ सालीं खऱ्याच दोन ज्योती दूरच्या प्रवासास निघाल्या. जुलैमध्यें ग्रीसमधील ऑलिंपियाहून निघालेली ज्योत बर्लिनला नेण्यांत आली. ऑलिंपिक सामन्यांच्या इतिहासांत अशी धांव प्रथमच होत होती, आणि हिटलरच्या राजवटीला जगापुढें उजळ तोंडानें मिरविण्यास तिचा चांगलाच उपयोग झाला. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत मुंबईहून एक ज्योत निघाली. राष्ट्रीय सभेचें पहिलें अधिवेशन १८८५ सालीं ज्या शहरांत भरलें, तेथून धांवणाऱ्या तरुणांनीं ती हातोहात पायीं फैजपूरला पोंचविली. ज्योत नेण्याची युक्ति दोन्हीकडे एकच. तिच्यामागें काय उभें होतें, एवढाच प्रश्न.

फैजपूर हें यावल तालुक्यांतलें, सातपुड्याच्या पायथ्याजवळचें गांव. १९०६ सालीं खानदेशचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले, त्यांपैकीं पूर्व खानदेशांत तें येई. आज तो जळगांव जिल्हा. येथें २७ व २८ डिसेंबर १९३६ रोजीं राष्ट्रीय सभेचें पन्नासावें अधिवेशन भरलें. तोंपर्यंतचीं अधिवेशनें शहरांत होत. खेड्यांत भरलेलें हें पहिलेंच. सभा खेड्यांत भरावी हा आग्रह गांधीजींचा होता, आणि तो महाराष्ट्रानें आपल्या अंगावर घेतला होता.

हा आग्रह किती जोखमीचा होता हें आज सहज ध्यानांत येत नाहीं. हजारों माणसें एका खेड्याजवळ उतरावयाचीं, तर त्यांचें पाणी कोठून आणावें, निवारा कशाचा करावा, आणि सर्वांत अवघड म्हणजे त्यांच्या शौचाची व्यवस्था काय? त्या काळीं जत्रा म्हटली कीं पटकीची धास्ती असे. अधिवेशनानंतर आसपासच्या गांवांत सांथ उठली असती, तर जवाहरलाल नेहरूंचें अध्यक्षीय भाषण कोणी आठवलें नसतें. 'सभा आली आणि सांथ ठेवून गेली' एवढेंच लोकांच्या तोंडीं राहिलें असतें. शिवाय खेड्यांतील माणसाला असलीं कामें जमावयाचीं नाहींत, हें शहरी मत कायमचें पक्कें झालें असतें तें वेगळेंच.

तेव्हां लोकांचें मन अनुकूल करून घेण्याचें काम मांडवाच्या कितीतरी आधीं सुरू होणें प्राप्त होतें. स्वागताध्यक्ष शंकरराव देव होते. परंतु गांवकरी परगांवच्या पुढाऱ्याकडे पाहून आपली वैरण, गाड्या आणि दिवस देत नसतो. तो ओळखीच्या माणसाकडे पाहतो. येथें तीं माणसें होतीं. भुसावळचे अण्णासाहेब दास्ताने होते. खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी होते; १९३० च्या चळवळींत पोलिसांतील नोकरी सोडून ते आपल्या भागांत परत आले होते. त्या दिवसांत पोलिसाची नोकरी म्हणजे खेड्यांत केवढा मान आणि केवढा दरारा! तो मान ज्यानें आपण होऊन खालीं ठेवला, त्याला आपल्या हेतूविषयीं फार बोलावें लागत नाहीं.

तिसरा मनुष्य मात्र खानदेशचा नव्हता. पांडुरंग सदाशिव साने हे कोंकणांतील पालगडचे. खानदेशी बोलीशीं त्यांच्या घरच्या भाषेचें नातें दूरचें. १९२४ सालीं ते अमळनेरच्या हायस्कुलांत शिक्षक झाले आणि १९३० सालीं ती नोकरी सोडून सत्याग्रहांत शिरले. परका मनुष्य एका प्रांताच्या इतका घरचा कसा झाला, याचा उलगडा त्यांच्या सहा वर्षांच्या शिक्षकीत सांपडतो. अमळनेरच्या छात्रालयांतील मुलांसाठीं ते 'छात्रालय दैनिक' नांवाचें पत्र स्वतःच्या हातानें लिहून काढीत. छापखाना नाहीं, वर्गणीदार नाहींत, जाहिराती तर नाहींतच. वाचक म्हणजे एका छपराखालीं राहणारीं मुलें. तें लिहावयाचें आणि पुन्हां दुसऱ्या दिवशीं लिहावयास बसावयाचें. जनसंपर्काच्या कोणत्याही आधुनिक पाठ्यक्रमांत इतका कठीण अभ्यास सांगितलेला नसेल. कारण दूरच्या वाचकाला फसवितां येतें. ज्याच्या शेजारीं पंक्तीला बसावयाचें, ज्याचें अंथरूण स्वतः घडी घालून ठेवावयाचें, त्याला दैनिकांत एक आणि वागण्यांत दुसरें दाखवितां येत नाहीं.

दुसरा अभ्यास धुळ्याच्या तुरुंगांत झाला. तेथें १९३२ सालीं २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत विनोबांनीं गीतेवर अठरा प्रवचनें दिलीं, आणि तीं बोलतां बोलतां टिपून घेतलीं तीं साने गुरुजींनीं. आज अनेक भाषांत वाचलें जाणारें 'गीता प्रवचने' हें पुस्तक त्या टिपणांतून उभें राहिलें. येथें प्रस्तुत आहे तें एवढेंच कीं, खेडोपाडीं बोलत फिरण्यापूर्वीं या माणसानें दुसऱ्याचें बोलणें शब्दशः ऐकण्याची आणि त्यांत आपलें कांहीं न घुसडण्याची सवय लावून घेतली होती. प्रचारकांत हा गुण दुर्मिळ. बहुतेक प्रचारक समोरच्याचें बोलणें संपण्याचीच वाट पाहत असतात.

अधिवेशनासाठीं साने गुरुजी पूर्व खानदेशांतील खेड्यांतून हिंडले. इकडे अधिवेशनाचें नगर उभें राहत होतें. त्यास टिळकनगर असें नांव दिलें होतें. नगराच्या सजावटीसाठीं गांधीजींनीं शांतिनिकेतनाहून नंदलाल बोस यांना बोलाविलें. आपण चित्रकार, बांधकामाचें आपणांस काय कळणार, अशी शंका नंदलालांनीं काढली. पण ते आले. त्यांनीं शहरांतून कापडाचे तागे आणि रंगीत कागद मागविले नाहींत. बांबू, गवत, चटया असें जें त्या भागांत मिळतें आणि जें तेथल्या कारागिरांच्या हातांत बसलेलें असतें, त्यांतूनच दरवाजे व मंडप सजले. अध्यक्षांची मिरवणूक निघाली तीही मोटारींतून नव्हे, बैल जुंपलेल्या रथांतून.

यांत सौंदर्य होतें हें सर्वांनीं पाहिलें. परंतु ज्या बुरुडानें आयुष्यभर सुपें आणि टोपल्या विणल्या, त्यानें आपलाच बांबू देशांतील मोठमोठ्या माणसांच्या डोक्यावर कमान होऊन उभा असलेला पाहिला, तेव्हां त्याला अधिवेशन कोणाचें हें वेगळें समजावून सांगण्याची गरज उरली नाहीं. २५ डिसेंबरला गांधीजींनीं तेथील खादी व ग्रामोद्योगांचें प्रदर्शन उघडलें, त्यांतही हेंच सूत्र होतें. पुढें १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनांत नंदलालांची चित्रें अधिक गाजलीं, अध्यक्ष सुभाषबाबूंच्या रथाला एक्कावन्न बैल जुंपले गेले. पण वळण फैजपूरनें घालून दिलें होतें.

मात्र टिळकनगराची अब्रू दरवाजांवर अवलंबून नव्हती, ती दरवाजांच्या मागल्या बाजूस होती. मैला वाहण्याचें आणि सफाईचें काम साने गुरुजींनीं स्वतः केलें. एम्. ए. झालेला, ब्राह्मण घरांतला, हायस्कुलांतला मास्तर डोक्यावर मैल्याची पाटी घेतो, ही गोष्ट त्या काळच्या खेड्यांत काय खळबळ उडविणारी असेल, याची कल्पना श्रोत्यांनींच करावी. ज्या जातींवर समाजानें हें काम लादलें होतें, त्यांच्याबद्दल सहानुभूतीचीं भाषणें पुष्कळ झालीं होतीं. भाषण ऐकून माणूस घरीं जातो आणि विसरतो. आपल्या मुलाच्या मास्तराला पाटीसह पाहिलेला बाप तें विसरूं शकत नाहीं, मग त्याला तें आवडलेलें असो वा नसो. पुष्कळांना आवडलें नसणार. लोकांस आवडेल तेवढेंच दाखवावें, हा जनसंपर्काचा जो पहिला नियम मानला जातो, तो येथें सरळ मोडला गेला.

फैजपूरचा लौकिक झाला. त्यामागें राजकीय हिशेब नव्हता असें म्हणणें भाबडेपणाचें होईल. पुढच्या दोन महिन्यांत प्रांतिक निवडणुका होत्या. १९३५ च्या कायद्याप्रमाणें मताचा हक्क मालमत्ता, कर व शिक्षण यांवर ठरत असल्यामुळें रथ पाहावयास लोटलेल्यांपैकीं बहुतेकांना मतच नव्हतें. परंतु ज्यांना होतें ते त्यांच्याच शेजारीं राहत होते. मुंबई इलाख्यांत काँग्रेस सर्वांत मोठा पक्ष म्हणून निवडून आली आणि जुलै १९३७ मध्यें बाळासाहेब खेरांचें मंत्रिमंडळ अधिकारावर बसलें.

फैजपूरला नुसता उत्सव झाला नव्हता. शेतकीविषयक एक कार्यक्रमही मंजूर झाला होता. खंड व सारा भरीव प्रमाणांत कमी व्हावा, न परवडणाऱ्या लहान जमिनींना साऱ्यांतून सूट मिळावी, कर्जाचा बोजा हलका व्हावा, शेतमजुराला पोटापुरती मजुरी मिळावी, अशीं त्यांतील कलमें होतीं. बाजाराच्या भाषेंत सांगावयाचें तर ती खेड्याच्या नांवानें लिहिलेली हुंडी होती. खेड्यानें आपल्या गाड्या, बांबू आणि दिवस देऊन ती घेतली होती.

मुदत फार लवकर आली. १९३८ सालीं पूर्व खानदेशांत अतिवृष्टीनें ओला दुष्काळ पडला; उभें पीक गेलें. सारा मागणारें सरकार आतां गोऱ्यांच्या एकट्याच्या हातांत नव्हतें; मुंबईला आपलेच मंत्री बसले होते. ज्यानें फैजपूरसाठीं गांवोगांव काँग्रेसचें नांव नेलें, त्याच्यापुढें अवघड पेंच होता. पक्षाचा प्रचारक या नात्यानें शेतकऱ्यांना धीर धरावयास सांगणें त्याला सोपें होतें. त्याच वर्षाच्या एप्रिलांत त्यानें अमळनेरहून साप्ताहिक काढलें होतें, आणि त्याचें नांवही 'काँग्रेस' असेंच होतें!

साने गुरुजींनीं धीर धरावयास सांगितलें नाहीं. शेतकऱ्यांची संघटना उभी केली, जागोजागीं सभा घेतल्या, मिरवणुका काढल्या आणि सारामाफीसाठीं कलेक्टरच्या कचेरीवर मोर्चे नेले. धुळें व अमळनेर येथील गिरणीकामगारांच्या चळवळींतही ते उभे राहिले. पक्षांतील कांहीं मंडळींना हें रुचण्यासारखें नव्हतें, आणि ज्याच्या हातीं साप्ताहिक असतें त्याला आपल्या पक्षाची अडचण शब्दांनीं झांकून टाकण्याचा मोह सदैव असतो. परंतु फैजपूरला शेतकऱ्यानें जो विश्वास टाकला होता तो पक्षाच्या निशाणावर टाकला होता कीं आपल्या दारीं येऊन बोललेल्या माणसावर, याचा निवाडा त्या मोर्च्यांनीं केला. मोर्चा निघावयास हवा होता, नाहींतर त्या माणसाला पुन्हां त्या गांवांत जातां आलें नसतें.

हीच पत पुढें एकदां खानदेशाबाहेर पणाला लागली. पंढरपूरचें विठ्ठलमंदिर हरिजनांना खुलें व्हावें म्हणून उपोषणाचा निर्धार करून गुरुजी कांहीं महिने महाराष्ट्रभर हिंडले; आपलें म्हणणें सनातन्यांसही गांवोगांव समक्ष ऐकवून मगच १ मे १९४७ रोजीं ते पंढरपुरांत उपोषणास बसले. दिल्लीकडे पोंचलेली हकीकत मात्र अपुरी होती, आणि तिच्या आधारें प्रत्यक्ष गांधीजींनींच उपोषण सोडण्याचा सल्ला तारेनें दिला. ज्या माणसाचें सारें आयुष्य लोकांपर्यंत खरी गोष्ट पोंचविण्यांत गेलें, त्याचीच गोष्ट त्याच्या सर्वांत आदरणीय श्रोत्यापर्यंत नीट पोंचली नव्हती. गुरुजींनीं उपोषण सोडलें नाहीं. ज्या गांवांतून ते हिंडून आले होते, तेथील माणसांना ती हकीकत दिल्लीहून येण्याची गरज नव्हती. १० मे रोजीं मंदिर खुलें करण्याचें ठरलें, आणि त्यानंतर त्यांनीं अन्न घेतलें.