खाटा हलल्या, शिडी मागेच राहिली

(मंचाच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या गप्पांत आई-वडिलांचा विषय हटकून निघतो. पुण्यात, ठाण्यात, नाशकात राहणारे आई-वडील, ब्युरोतून येणाऱ्या मावशी, त्या एक दिवस आल्या नाहीत की इथून सुरू होणारे फोन. आता हळूहळू दुसराही विषय निघू लागला आहे. आपलं स्वतःचं काय? आपल्यापैकी बहुतेकांचं म्हातारपण याच देशात जाणार आहे आणि त्यातल्या काहींना केअर होम लागणार आहे. तिथे रात्री दोन वाजता बेल वाजवली तर कोण येईल, ती व्यक्ती तिथे का टिकेल आणि टिकली तर तिच्या नोकरीत पुढे काय असेल, याबद्दल मी आज बोलणार आहे.

केअर होम म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वृद्धाश्रम येतो. हे चित्र आधी पुसायला हवं. २०२१ च्या जनगणनेच्या वेळी इंग्लंड आणि वेल्समधल्या केअर होममध्ये ६५ वर्षांवरची सुमारे २ लाख ७९ हजार माणसं राहत होती. त्यांतल्या बऱ्याच जणांना डिमेन्शिया असतो, सोबत मधुमेह, हृदयविकार, पार्किन्सन्स असं काही ना काही असतंच. ही घरं ढोबळमानाने दोन प्रकारची. एकात फक्त केअरर असतात आणि नर्सिंगची गरज पडली तर बाहेरून डिस्ट्रिक्ट नर्स येते. दुसऱ्यात, ज्याला नर्सिंग होम म्हणतात, तिथे रात्रंदिवस नोंदणीकृत नर्स असते. माझं संशोधन डिमेन्शियाशी संबंधित असल्यामुळे दोन्ही प्रकारच्या घरांत माझं जाणं-येणं असतं.

नर्सिंग होममधल्या नर्सचं काम नेमकं काय? हॉस्पिटलच्या वॉर्डात रात्री डॉक्टर बोलावता येतो, रक्ततपासणी होते, एक्स-रे काढता येतो. इथे रात्रपाळीला बहुधा एकच नर्स असते, सोबत काही केअरर आणि तीस-चाळीस रहिवासी. एक आजी काल हसत होत्या, आज गप्प आहेत आणि जेवल्या नाहीत. हे औदासीन्य आहे, जंतुसंसर्गामुळे आलेला डिलिरियम आहे, बद्धकोष्ठ आहे की शेवटाची सुरुवात आहे? आजींना स्वतःला सांगता येत नाही. ९९९ ला फोन करावा तर ॲम्ब्युलन्स, मग इमर्जन्सीच्या कॉरिडॉरमधली ट्रॉली आणि अनोळखी चेहरे. डिमेन्शियाच्या रुग्णाची अवस्था त्यातून आणखी बिघडू शकते. फोन न करावा तर जीव जाऊ शकतो. हा निर्णय ती नर्स एकटी घेते. त्याखेरीज गिळताना ठसका लागणाऱ्यांचं खाणं-पिणं, बेडसोअर, मरणाच्या वाटेवरच्या माणसाचा सिरिंज ड्रायव्हर आणि फोनवर रडणारी मुलगी हे सगळं तिच्याकडेच असतं. शास्त्रज्ञ म्हणून मी सांगेन की अपुऱ्या माहितीवर रोज इतके कठीण अंदाज बांधणारी माणसं मी प्रयोगशाळेत फार पाहिलेली नाहीत.

हे ज्ञान आलं कुठून, हेही पाहण्यासारखं आहे. १९३५ मध्ये लंडनच्या वेस्ट मिडलसेक्स हॉस्पिटलमध्ये डॉ. मार्जोरी वॉरेन यांच्याकडे वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेल्या शेकडो रुग्णांची जबाबदारी आली. त्यांना नीट तपासलं आणि हालतं केलं तर त्यातले अनेक उठून चालू लागतात, हे त्यांनी दाखवून दिलं. पुढे १९६२ मध्ये डोरीन नॉर्टन या नर्सने दोन सहकाऱ्यांसह हॉस्पिटलमधल्या वृद्धांच्या शुश्रूषेचा पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केला. बेडसोअर कुणाला होण्याचा धोका जास्त, हे आधीच ओळखण्यासाठी पाच साध्या निकषांना गुण देणारी नॉर्टन स्केल त्यातून आली. म्हणजे वृद्धांचं नर्सिंग हे नुसतं मायेने केलेलं काम आहे असं नाही. मोजमाप आणि पुरावा यांवर उभं राहिलेलं ते शास्त्र आहे.

नंतर एक गोष्ट घडली, जिची चर्चा फारशी होत नाही. १९८० च्या दशकापासून एनएचएसने वृद्धांचे दीर्घ मुक्कामाचे वॉर्ड बंद करायला सुरुवात केली. त्याच काळात सोशल सिक्युरिटीच्या पैशांवर खाजगी नर्सिंग होम वाढली. १९९० चा एनएचएस अँड कम्युनिटी केअर ॲक्ट एप्रिल १९९३ पासून पूर्णपणे लागू झाला आणि या घरांचा खर्च कौन्सिलांच्या गळ्यात पडला. रुग्ण तसेच राहिले. खाटा मात्र एनएचएसमधून बाहेर गेल्या आणि खाटांबरोबर नर्सेसही गेल्या. त्यांच्या करिअरची शिडी काही त्यांच्याबरोबर गेली नाही.

शिडी म्हणजे काय ते पाहा. एनएचएसमध्ये २००४ पासून 'अजेंडा फॉर चेंज' नावाची वेतनरचना आहे. नवी नर्स बँड ५ ला लागते. अनुभव आणि अभ्यास वाढला की बँड ६, वॉर्डची जबाबदारी घेतली की बँड ७, त्यापुढे कन्सल्टंट नर्स. एप्रिल २०२४ पासून पेन्शनमध्ये एम्प्लॉयरचा वाटा वेतनाच्या २३.७ टक्के आहे. पाच वर्षं नोकरी झाली की आजारपणात सहा महिने पूर्ण आणि सहा महिने अर्धा पगार मिळतो. खाजगी केअर होममध्ये पगार मालक ठरवतो. पेन्शनमध्ये त्याने किमान ३ टक्के घातले की कायद्याचं समाधान होतं. आजारपणाची रजा कित्येक ठिकाणी कायद्याने दिलेल्या किमान भत्त्यावर भागवावी लागते. आणि बढती? नर्स, मग डेप्युटी मॅनेजर, मग मॅनेजर. रुग्णापासून दूर, ऑफिसात, रोटा आणि इन्स्पेक्शनच्या कागदांत. चांगली नर्स राहून वर जाण्याची वाट जवळपास नाहीच.

दर तीन वर्षांनी एनएमसीकडे नोंदणी चालू ठेवायला मात्र दोघींनाही तेच नियम: ४५० तास काम, ३५ तास शिक्षण. एकीला अभ्यासाची रजा मागायची रूढ सोय आहे, दुसरी अनेकदा सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या वेळात वाचते.

केअररची स्थिती याहून वाईट. 'स्किल्स फॉर केअर' ही संस्था इंग्लंडमधल्या या क्षेत्राची आकडेवारी गोळा करते. तिच्या अलीकडच्या अहवालांतून दिसतं ते असं की पाच वर्षांहून अधिक अनुभव असलेल्या केअररला नवख्या केअररपेक्षा ताशी दहा पेन्सच्या आसपासच जास्त मिळतात. पाच वर्षांच्या अनुभवाची ही किंमत! मग माणसं सुपरमार्केटमध्ये जातात याचं आश्चर्य काय? नर्सेसनी तर पायांनीच मत दिलं. इंग्लंडच्या सोशल केअरमधल्या नोंदणीकृत नर्सेस २०१२-१३ मध्ये सुमारे ५१,००० होत्या, २०२१-२२ पर्यंत त्या सुमारे ३२,००० वर आल्या. या काळात म्हातारी माणसं कमी झाली नव्हती.

मान-सन्मानाचंही तसंच. आरोग्य खात्यात चीफ नर्सिंग ऑफिसर हे पद १९४१ पासून आहे. सोशल केअरसाठी इंग्लंडने पहिली चीफ नर्स नेमली ती डिसेंबर २०२० मध्ये, कोविडने केअर होममधून हजारो माणसं नेल्यानंतर. २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये हॉस्पिटलमधून रुग्णांना केअर होममध्ये पाठवताना लक्षणं नसलेल्यांकडून होणाऱ्या संसर्गाचा पुरेसा विचार केला नाही, म्हणून ते धोरण बेकायदेशीर होतं, असं हायकोर्टाने एप्रिल २०२२ मध्ये म्हटलं. पुढे ११ नोव्हेंबर २०२१ पासून केअर होमच्या कर्मचाऱ्यांना लस सक्तीची झाली. ज्यांनी घेतली नाही त्यांच्या नोकऱ्या गेल्या. हॉस्पिटलच्या कर्मचाऱ्यांना तोच नियम १ एप्रिल २०२२ पासून लागू व्हायचा होता. माणसं सोडून जातील ही भीती पुढे आली आणि १५ मार्चला तो नियम सर्वांसाठीच रद्द झाला. मी लसीची ठाम समर्थक आहे. पण कुणाच्या जाण्याची भीती वाटली आणि कुणाच्या जाण्याची वाटली नाही, याची नोंद घ्यायला हवी.

रिकाम्या जागा भरायला मग परदेशाकडे पाहिलं गेलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये केअररना व्हिसा खुला झाला. मार्च २०२४ मध्ये त्यांना नवरा, बायको, मुलं आणायला बंदी झाली. २२ जुलै २०२५ पासून परदेशातून केअररची नवी भरती बंदच झाली. तीन-साडेतीन वर्षांत दार उघडलं, अर्धं लावलं आणि बंद केलं. या दारातून आलेल्यांत भारत, झिम्बाब्वे, नायजेरिया इथल्या कितीतरी प्रशिक्षित नर्सेस होत्या, ज्या इथे केअरर म्हणून राबतात. त्यांचं हातातलं कसब वापरलं जातं, पगार मात्र केअररचा. फेब्रुवारी २०२३ पासून एनएमसीने थोडी वाट मोकळी केली. शिक्षण इंग्रजीतून झालेलं असेल आणि इथे वर्षभर अशा कामाचा अनुभव असेल, तर इंग्रजीच्या पुराव्यासाठी एम्प्लॉयरचा दाखला चालू लागला. चांगला निर्णय, पण दाखला देणाराही तोच मालक, ज्याला स्वस्तातली नर्स गमवायची नसते. व्हिसाही त्याच्याच हातात. नोकरी सुटली तर साधारण ६० दिवसांत दुसरा स्पॉन्सर शोधायचा, नाहीतर परत जायचं. जुलै २०२२ ते डिसेंबर २०२४ या काळात सरकारने या क्षेत्रातले ४७० हून अधिक स्पॉन्सर परवाने रद्द केले. त्या परवान्यांवर आलेल्या बायकांनी मायदेशी कर्ज काढून एजंटचे पैसे भरले असतील, तर ते कर्ज परवान्याबरोबर रद्द होत नाही.

आपला मंच स्वतःला पुरोगामी म्हणवतो, म्हणून पुढचं बोलते. दुसऱ्याच्या मलमूत्राला, जखमांना, मरणाला हात लावायचं काम कुणी करायचं, हे आपल्या समाजात जातीने ठरवलं. या देशात ते बाजारभाव आणि व्हिसा ठरवतात. इथल्या सोशल केअरमधल्या पाचांतल्या सुमारे चार कर्मचारी स्त्रिया आहेत. आपण सावित्रीबाईंची जयंती साजरी करतो ती पहिली शिक्षिका म्हणून. पण १८९७ च्या प्लेगात, यशवंतने पुण्याजवळ काढलेल्या दवाखान्यात रुग्णांची सेवा करताना त्यांना प्लेगची लागण झाली आणि त्यातच त्या गेल्या. शिकवणं आणि शुश्रूषा करणं यांत त्यांनी उच्च-नीच मानलं नाही. आपण मात्र मुलीने डॉक्टर व्हावं म्हणून धडपडतो आणि तिने केअर होममध्ये नर्स व्हायचं म्हटलं तर घरात शांतता पसरते.

आता हरकत अशी घेतली जाईल की पैसा आणायचा कुठून? हरकत खोटी नाही. कौन्सिल देते तो दर अपुरा असतो. नर्सिंगसाठी एनएचएस केअर होमला माणशी जो भत्ता देते तो २०२५-२६ मध्ये आठवड्याला २५४.०६ पौंड होता, आणि त्यात चोवीस तासांची नर्स बसवायची असते. पण सोडून गेलेल्या नर्सच्या जागी एजन्सीची नर्स आणायचाही खर्च असतो. तिला कोणत्या आजींना कोणत्या कुशीवर झोप लागते हे माहीत नसतं, ते नुकसान कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही. शिवाय शिडी नुसत्या पैशांची नसते. नेदरलँड्सच्या लिम्बर्ग प्रांतात १९९८ पासून मास्ट्रिख्ट विद्यापीठ आणि केअर संस्था मिळून एक 'लिव्हिंग लॅब' चालवतात. संशोधक आठवड्यातला काही वेळ केअर होममध्ये असतात, तिथली नर्स संशोधनात भाग घेते, प्रश्न ती विचारते. इंग्लंडमध्ये लीड्सने हाच नमुना उचलला आहे. अशा ठिकाणी नर्सला रुग्णाशेजारी राहूनही वर जाता येतं.

कायद्याच्या बाजूनेही थोडी हालचाल आहे. जानेवारी २०१९ पासून नर्सिंग असोसिएट ही केअरर आणि नर्स यांच्यामधली पायरी इंग्लंडमध्ये एनएमसीच्या नोंदणीत आली. जानेवारी २०२४ मध्ये केअर कर्मचाऱ्यांसाठी सरकारने करिअरचा एक आराखडा आणला, पण तो मालकांवर बंधनकारक नाही. डिसेंबर २०२५ मध्ये मंजूर झालेल्या एम्प्लॉयमेंट राइट्स ॲक्टमध्ये सोशल केअरमधलं वेतन आणि नोकरीच्या अटी वाटाघाटीने ठरवणाऱ्या मंडळाची तरतूद आहे. हे मंडळ अनुभवाला किंमत देतं की फक्त किमान दर थोडा वर सरकवतं, यावर पुष्कळ अवलंबून राहील.

आपण काय करू शकतो? आपल्यात डॉक्टर आहेत. त्यांनी केअर होममधल्या नर्सचा फोन सहकाऱ्याचा फोन म्हणून घ्यावा. आपल्यात विद्यापीठांतले लोक आहेत. त्यांनी विद्यार्थी तिथे पाठवावेत आणि शोधनिबंधावर त्या नर्सचं नाव घालावं. आपल्यापैकी काही जण केअर होमचे मालक किंवा भागीदार आहेत, हे मला माहीत आहे. त्यांनी पगारी अभ्यासरजा द्यावी, दाखला अडवू नये आणि सोडून जाताना भरतीचा खर्च वसूल करण्याचं कलम कंत्राटातून काढावं. बाकीच्यांनी कुणासाठी घर पाहायला जाल तेव्हा कार्पेट आणि बाग नंतर पाहा. आधी विचारा: रात्री नर्स किती? त्यातल्या एजन्सीच्या किती? सर्वांत जुनी नर्स किती वर्षांची, आणि या काळात तिचं पद बदललं का? मॅनेजरला ही उत्तरं तोंडपाठ असायला हवीत. आणि पुण्याला फोन कराल तेव्हा मावशींनाही एकदा विचारा, त्यांची रजा किती, त्यांनी पुढे काही शिकायचं ठरवलं तर त्यांना वेळ कोण देणार. तो पगार आपण देतो, तेव्हा तिथे एम्प्लॉयर आपणच आहोत.