पनवेलच्या पूर्वेचे माथेरान

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात रोमँटिक, म्हणजे भावना आणि निसर्गाचे रांगडे रूप यांना महत्त्व देणारी दृष्टी रुजली आणि उद्यानांतील काटेकोर चौकटी मोडून वळणावळणाच्या वाटा, मोकळी झाडी व अवचित खुले होणारे देखावे यांची रचना होऊ लागली. या दृष्टीचा ठसा पनवेलच्या पूर्वेस असलेल्या माथेरानवर स्पष्ट दिसतो. पनवेलहून पुण्याकडे जाणाऱ्या वाटेवरील चौक या गावातून ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट मे १८५० मध्ये हा डोंगर चढले आणि पुढे तेथे थंड हवेचे ठिकाण वसले. येथे उद्यान वेगळे आखावे लागले नाही. कड्यावरील टोके, ज्यांना ‘पॉईंट’ म्हणतात, हीच दृश्याची चौकट ठरली. सूर्यास्ताच्या पॉईंटवरून पनवेल तालुक्यातील प्रबळगडाचा काळाकभिन्न कडा समोर उभा राहतो, तर पायांखाली जांभ्याची तांबडी माती आणि डोक्यावर दाट झाडांची सावली असते. रुंद व्हरांड्यांचे, उतरत्या छपरांचे जुने बंगले झाडीत इतके मुरले आहेत की वास्तू कोठे संपते आणि वन कोठे सुरू होते, हे चटकन उमगत नाही. माथेरानचे खरे सौंदर्य याच एकजीवपणात आहे. या झाडीपर्यंत पायथ्याच्या नेरळहून वर जाणारी अरुंद रुळांची रेल्वे १९०७ मध्ये सुरू झाली. हा निसर्ग जपण्यासाठी २००३ मध्ये केंद्र सरकारने माथेरान परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित केला.